हेल्मेट घेतलंय ना, मग झालं!

सुट्टीच्या दिवसांत शनिवारी सकाळी आनेवाडीच्या टोलनाक्यावर दहा मिनिटं थांबलात तर एक गोष्ट नक्की दिसेल. पुण्या-मुंबईकडून साताऱ्याला निघालेल्या काही गाड्यांच्या मागे किंवा टपावर हल्ली सायकली बांधलेल्या असतात. एक बाबांची, गिअरवाली, महागातली. एक-दोन पोरांची, रंगीबेरंगी. मागच्या काचेतून नवंकोरं हेल्मेट दिसतं, कधीकधी लेबलासकट. ही मंडळी तंबूत राहायला चाललेली असतात. कुणी कासच्या बाजूला, कुणी बामणोली-तापोळ्याला, कुणी वाई-पाचगणीकडे.

हे बघून मला बरं वाटतं, खरंच. पोरं दोन दिवस स्क्रीन सोडून सायकलवर बसणार असतील तर कुणाला वाईट वाटेल? पण त्याच गाडीतल्या बाबांना विचारा, "सायकल कुठे चालवणार?" उत्तर येतं, "बघू ना तिथे गेल्यावर." "किती वाजता?" "मुलांना वाटेल तेव्हा." "ब्रेक बघितले का?" आणि मग ते वाक्य येतं, ज्यासाठी मी आज लिहायला बसलोय: "हेल्मेट घेतलंय ना!"

माझं भांडण या वाक्याशी आहे. हेल्मेटशी नाही, ते घालायचंच, त्यावर चर्चा नको. पण पोरांचा सुरक्षितपणा ही दुकानातून विकत आणायची वस्तू आहे, ती आणली की आपलं काम संपलं, असं जे आपण धरून चाललोय ना, ते साफ चूक आहे. सायकल कुठे चालवायची, किती वाजता चालवायची आणि त्या वेळी आपली मोटार कुठे असेल, हे तीन निर्णय फुकट आहेत. म्हणूनच बहुधा ते कुणी घेत नाही.

हे मी शहाणपणा शिकवायला लिहीत नाहीये. मी स्वतः ते वाक्य म्हटलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही वाईच्या बाजूला धरणाच्या पाण्याकाठी तंबूत राहायला गेलो होतो. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. तिची सायकल गाडीत मावेना म्हणून मी पुढचं चाक काढलं. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत असेल, साध्या रिम ब्रेकच्या सायकलचं चाक काढायचं तर आधी ब्रेकच्या दोन्ही पात्यांना आवळणारी तार सोडवावी लागते, नाहीतर हवा भरलेलं टायर मधून निघत नाही. तार सोडवली, चाक काढलं, डिकीत टाकलं. संध्याकाळी कॅम्पवर पोचल्यावर पोरगी मागे लागलेली, "बाबा, लवकर!" चाक बसवलं, चावी आवळली. तार परत अडकवायची राहिली.

तंबूंपासून फाटकापर्यंत उतार होता, फार नाही, शंभरएक पावलांचा. ती निघाली. हेल्मेट होतं, पट्टा बरोबर लावलेला होता. फाटकातून एक मोठी गाडी आत आली. हिने पुढचा ब्रेक दाबला, काहीच झालं नाही. मागचा दाबला, मागचं चाक घसरलं, आणि ती घाणेरीच्या झुडपात जाऊन पडली. गाडी तिच्यापासून दीडदोन हातांवर थांबली. हनुवटीला चार टाके पडले. हेल्मेटला ओरखडासुद्धा नव्हता, कारण हेल्मेट हनुवटीला नसतं.

गाडीवाले गृहस्थ उतरले आणि म्हणाले, "अहो, मुलांना असं मोकळं सोडतात का?" माझं डोकंच फिरलं. पोरांच्या सुट्टीच्या जागेत पोरं मोकळी नाही सोडायची तर काय मोटारी सोडायच्या? तोंडावर आलेलं बोलणारच होतो, तेवढ्यात आठवलं की तासाभरापूर्वी मीच माझी गाडी त्याच उतारावरून थेट तंबूच्या दारापर्यंत आणली होती. का, तर बर्फाचा डबा आणि गाद्या उचलून शंभर पावलं चालायला नको म्हणून. तो माणूस जे करत होता तेच मी केलं होतं. फरक एवढाच की माझ्या वेळी समोर कुणाचं पोर नव्हतं.

असो. त्यानंतर मी या विषयाचं जरा गणित मांडलं. आमच्या धंद्यात सवयच असते, एखादी गोष्ट पडली की ती का पडली हे शेवटपर्यंत शोधायचं आणि "नशीब" हे कारण लिहायचं नाही. ते गणित इथे देतो.

सायकलच्या हेल्मेटची चाचणी कशी करतात? डोक्याच्या आकाराच्या ठोकळ्यावर हेल्मेट चढवून ते उंचीवरून लोखंडी ऐरणीवर पाडतात. युरोपीय मानकात ही उंची साधारण दीड मीटर आहे, अमेरिकन मानकात दोन मीटर. म्हणजे आपटतानाचा वेग ताशी २० ते २२ किलोमीटर. सायकलवरून तोल जाऊन डोकं जमिनीवर आपटलं तर साधारण एवढ्याच उंचीवरून आपटतं, म्हणून हा आकडा. तेवढ्यासाठी हेल्मेट उत्तम आहे.

आता पोराला घाटात उतारावर सोडा. ताशी ४० चा वेग यायला फार वेळ लागत नाही, पायडलसुद्धा मारावं लागत नाही. त्या वेगाने समोर कठडा किंवा गाडी आली तर तो मार किती? सव्वासहा मीटर उंचीवरून पडल्याएवढा. म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून. आपण आपल्या पोराला हेल्मेट घालून दुसऱ्या मजल्यावरून उडी मारायला सांगू का? मग "हेल्मेट घेतलंय ना" म्हणून पसरणीच्या किंवा यवतेश्वरच्या घाटात उताराला कसं सोडतो?

थांबायला लागणारं अंतर बघा. नऊ-दहा वर्षांचं मूल, ब्रेक चांगले, रस्ता कोरडा. ताशी २० ला समोरचं दिसून सायकल उभी राहीपर्यंत दहाएक मीटर जातात. ताशी ४० ला सत्तावीस मीटर. वेग दुप्पट, अंतर पावणेतीनपट. घाटातल्या वळणावर पुढचे सत्तावीस मीटर दिसतच नाहीत.

कुणी म्हणेल, आमचा मुलगा शहाणा आहे, तो ब्रेक दाबत हळूहळू उतरेल. ठीक आहे, तेही गणित करू. वाई ते पाचगणी उंचीतला फरक साधारण साडेपाचशे मीटर. मूल आणि सायकल मिळून ५० किलो धरा. वरून खाली येताना जेवढी ऊर्जा कुठेतरी जायला पाहिजे तेवढ्यात पाऊण लिटरपेक्षा जास्त पाणी साध्या तापमानापासून उकळेल. वेगात उतरलं तर त्यातला बराच भाग वारा खातो. हळू उतरलं तर जवळपास सगळी ऊर्जा ब्रेकच्या रबरात आणि रिममध्ये जाते. म्हणजे जो मुलगा जास्त शहाणा, त्याचे ब्रेक जास्त तापणार. शिवाय ब्रेक दाबणारी बोटं दहा वर्षांच्या पोराची. मोठ्या माणसाची बोटंसुद्धा घाट उतरताना भरून येतात.

तेव्हा माझा पहिला नियम: लहान मुलांनी घाट सायकलवर उतरायचा नाही. चढायचा असेल तर हौसेने चढू द्या, चढताना वेग पायी चालणाऱ्याएवढाच असतो, फक्त सकाळी लवकर आणि मोठं माणूस सायकलवर मागे. उतरताना सायकली गाडीत घालायच्या. पोरं रुसतील. रुसू द्या.

आता दोन आक्षेप येतात, दोन्हीकडून.

पहिला आक्षेप आमच्या पिढीचा लाडका. "आमच्या वेळी कुठे होती हेल्मेटं? तासाच्या भाड्याने सायकल आणायचो, नळीच्या आतून पाय घालून चालवायचो, गुडघे फुटायचे, माती लावायचो. काय झालं आम्हाला?" मान्य, मीही त्यातलाच. पण तेव्हा रस्त्यावर काय होतं ते आठवा. गावातून दिवसाला चार एसट्या, दोन-चार ट्रक, एखादी डॉक्टरांची स्कूटर. आज त्याच रस्त्यावर शनिवारी सकाळी काय असतं? आपण असतो. आपल्या गाड्या. आम्ही काटक होतो म्हणून वाचलो नाही, रस्ता रिकामा होता म्हणून वाचलो. आणि सगळेच वाचले हेही खरं नाही. डबलसीट बसलेल्या पोराचा पाय मागच्या चाकाच्या तारांत जाऊन टाच सोललेली एकतरी आठवण प्रत्येक आळीत असते. ती आपण गंमत म्हणून सांगतो, एवढंच.

दुसरा आक्षेप हल्लीच्या काळजीवाहू पालकांचा. "एवढा धोका असेल तर सायकल नेऊच नये. कॅम्पवर दुसरे खेळ असतात की." हा आक्षेप मला पहिल्यापेक्षा जास्त डोक्यात जातो. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, हा सरकारी आकडा आहे. त्यात सायकलवाले साडेचार हजारांच्या वर. ही माणसं सायकलमुळे मेली का? सायकलने कुणाला चिरडलं? सायकल ही धोकादायक वस्तू नाही, ती धोक्याच्या जागी आहे. उपाय सायकल काढून घेणं हा नाही, धोका काढून घेणं हा आहे. पोराला घरात कोंडून मोटारीला रस्ता मोकळा करून द्यायचा, हे काम शहरात आपण आधीच पुरं केलंय. निदान सुट्टीत तरी करू नका.

नेदरलँड्सचं उदाहरण देतो. सायकल म्हटलं की लोक त्या देशाचं नाव घेतात, जसं काही तिथे पोरं जन्मतःच पायडल मारत येतात. तसं नाहीये. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. त्यानंतर आईबाप रस्त्यावर उतरले, "मुलांच्या हत्या थांबवा" अशी थेट नावाची चळवळ झाली. १९७३ च्या शेवटी तेलाचं संकट आलं, रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, आणि मोटारी नसलेला रस्ता कसा असतो हे लोकांनी डोळ्यांनी बघितलं. त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी मोटारींचा वेग आणि वाट दोन्ही बांधून टाकली. आज तिथे बहुतेक लोक हेल्मेट घालत नाहीत. आपण त्यांची नक्कल करून हेल्मेट काढून टाकावं असं मी अजिबात म्हणत नाही, आपले रस्ते तसे नाहीत. मी एवढंच म्हणतोय की त्यांनी सुरुवात मोटारीपासून केली, आपण डोक्यावरच्या टोपीपासून करतोय.

आणि एवढं लांब कशाला जायचं? आपल्याकडे माथेरान आहे की. दस्तुरी नाक्यावर मोटार ठेवायची आणि पुढे चालायचं, घोड्यावर बसायचं किंवा सोय असेल त्याने जायचं, हे मराठी माणूस कित्येक पिढ्या करत आला आहे. आजी-आजोबा, तान्ही बाळं, सगळ्यांना घेऊन. दस्तुरीला गाडी ठेवली म्हणून कुणाची सुट्टी वाया गेल्याचं मी ऐकलेलं नाही. मग दहा-वीस तंबूंच्या कॅम्पवर मोटार थेट तंबूच्या दोरीला टेकवायची गरज काय? प्रत्येक कॅम्पच्या फाटकावर एक दस्तुरी नाका का असू नये?

रस्ता थोडा वेळ बंद ठेवता येत नाही असंही कुणी सांगू नये. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. त्या सकाळी यवतेश्वर घाटाचा रस्ता हजारो पळणाऱ्यांसाठी मोकळा ठेवतात. सातारकर त्या दिवशी कुरकुर करत नाहीत, उलट रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवतात. पळणाऱ्या मोठ्या माणसांसाठी वर्षातली एक सकाळ जमते, तर कॅम्पच्या स्वतःच्या शंभर पावलांच्या वाटेवर पोरांसाठी सकाळ-संध्याकाळ दोन तास का जमू नयेत?

आता जागेबद्दल. हा मुद्दा सातारकरांना झोंबेल, पण लिहितो. पोरांच्या सायकलींसाठी आपण नेमकी चुकीची ठिकाणं निवडतो. कास, पाचगणी, महाबळेश्वर, तापोळा... सगळी डोंगरातली. रस्ते अरुंद, वळणावळणाचे, एका बाजूला दरी, आणि शनिवार-रविवारी गाड्यांची रांग. कासला फुलांच्या दिवसांत पाऊस आणि धुकं वेगळंच. ही ठिकाणं बघण्याची आहेत, चालण्याची आहेत. दहा वर्षांच्या पोराच्या सायकलची नाहीत.

सायकलची जागा खाली आहे, नदीकाठी. वाईहून मेणवलीला जा. तीनेक किलोमीटरचा जवळपास सपाट रस्ता, नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट, तिथली ती मोठी घंटा. ('स्वदेस' आठवत असेल तर गाव ओळखीचं वाटेल.) पोरं थोडी मोठी असतील तर तसंच पुढे धोमच्या नरसिंहाच्या देवळापर्यंत. सकाळी साडेसहाला निघून साडेआठला परत, मिसळ खायला.

आणि खरी सायकलची जागा म्हणजे सांगली. हसू नका. सुट्टीला सांगलीला कोण जातं, असं पुणेकर विचारतात, आणि म्हणूनच तिथे पोराला रस्ता मिळतो. सांगलीहून हरिपूरला जा, चारेक किलोमीटर, चढ नाही, उतार नाही. कृष्णा आणि वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ. हळद साठवायची जमिनीतली पेवं याच गावची. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पाण्याने खराब झाली, ती गोष्ट गावातल्या कुणाही आजोबांना विचारा, पोरं सायकल टेकवून ऐकत बसतील. किंवा पलूस तालुक्यात भिलवडी, अंकलखोप, औदुंबर ही कृष्णाकाठची गावं. सपाट मळ्यांतले रस्ते, दोन्ही बाजूंना ऊस आणि द्राक्षं, दर अर्ध्या तासाला कुठेतरी चहा. इथे सायकल ही हौस नाही. दूधवाला, शाळेत जाणाऱ्या मुली, मळ्यात जाणारा शेतकरी, सगळे सायकलवर असतात. जिथे गावचे लोक रोज सायकल चालवतात तिथल्या ड्रायव्हरची नजर सायकलला सरावलेली असते. तंबू ठोकायला ओळखीच्या मळ्यात विचारा, सांगलीकर नाही म्हणणार नाहीत, उलट जेवायला बसवतील.

अर्थात सांगलीचा स्वतःचा एक मोठा धोका आहे, तो लपवणार नाही. ऊस. कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि साधारण मार्चपर्यंत चालतो. त्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिवसरात्र रस्त्यावर असतात. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर धुळीने माखलेला. मागची ट्रॉली वळणावर आत खेचली जाते, हे लहान मुलाला कळत नाही. ते ट्रॅक्टरच्या शेजारून निघून जाऊ बघतं आणि ट्रॉली अंगावर येते. पोरांना एकच वाक्य पाठ करून घ्या: ट्रॉली दिसली की सायकलवरून उतरायचं आणि साईडपट्टीच्या बाहेर उभं राहायचं. रस्त्यावर पडलेल्या उसावरून चाक घसरतं, तेही दाखवून ठेवा. आणि अंधार पडल्यावर, हंगाम असो-नसो, सायकल नाही. मे महिन्यात हंगाम संपलेला असतो पण ऊन असतं, म्हणून सकाळी सहा ते साडेआठ. ही वेळ मी ठरवलेली नाही. त्या कॅम्पवरचे एक मामा, पोरीला टाके घालून परत आणल्यावर मला म्हणाले, "आवो साहेब, संध्याकाळचं लई गाड्या येत्यात. पोरांस्नी सकाळी सोडा, कुत्रंबी नसतंय रस्त्याला." हे मी येण्याआधी विचारलं असतं तर त्यांनी तेव्हाही सांगितलं असतं.

सायकल न्यायची कशी, तेही सांगतो, कारण अर्धी गडबड इथेच होते.

१. गाडीच्या मागे सायकल बांधली तर नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जाता कामा नयेत. नियमात तर बसत नाहीच, पण मागच्या ट्रकला आपण ब्रेक मारल्याचं दिसलं नाही तर पुढचं काही सांगायला नको. टपावर बांधली तर कॅम्पच्या कमानीखाली शिरताना आठवण ठेवा.

२. खासगी बसच्या डिकीत टाकली तर गिअरची बाजू वर ठेवा. खाली राहिली तर गिअरचा आकडा वाकतो, आणि मग सगळ्यात हलक्या गिअरवर चेन चाकाच्या तारांत जाते. रेल्वेने ब्रेकव्हॅनमध्ये सामान म्हणून सायकल बुक करता येते, सांगलीकडे जायचं तर मिरजेपर्यंत तसं नेता येईल.

३. पोचल्यावर, पोरगं कितीही रडलं तरी, पाच मिनिटं: दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, चाक फिरता कामा नये. पुढचं चाक उचलून वरून थाप मारा, निघता कामा नये. हवा बघा. हँडल सरळ आहे का बघा. मग स्वतः दहा पावलं चालवा. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हरवर काही चढवलं की पहिल्यांदा स्वतः उघडून बघतो, गिऱ्हाइकाला आधी बघू देत नाही. मी त्या संध्याकाळी गिऱ्हाइकाला आधी दिलं.

४. मुलाचं बोट ब्रेकच्या दांडीपर्यंत पोचतं का ते बघा. बऱ्याच दांड्यांना जवळ आणायचा छोटा स्क्रू असतो, आयुष्यात कुणी फिरवलेला नसतो. फिरवा.

५. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर, पट्टा हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढा. मागे सरकवून टोपीसारखं घालायचं नाही. एकदा जोरात आपटलं की ते गेलं, बाहेरून चांगलं दिसलं तरी. ओढणी, पायजम्याचे पाय, बुटाच्या नाड्या आवळून बांधा.

६. मोठं माणूस सायकलवरच पाहिजे. पोरं सायकलवर आणि बाबा मागून मोटारीत, हा प्रकार बंद करा. त्याने मागच्या वाहनांची रांग लागते, ते चिडून ओव्हरटेक करतात, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्या पोराला मागून सतत इंजिनाचा आवाज. दोन मोठी माणसं असतील तर एक पुढे, एक मागे. एकच असेल तर मागे.

कॅम्पवाल्यांनाही दोन शब्द. तुम्ही भाड्याच्या सायकली ठेवता, चांगलं करता. पण ब्रेकचं रबर झिजून लोखंड रिमला लागतंय, एक ब्रेक तर नावालाच आहे, अशी सायकल शहरातून आलेल्या पोराच्या हातात देणं म्हणजे पोहायला न येणाऱ्याला विहिरीत ढकलून काठावरून "हात मारा" म्हणण्यासारखं आहे. ब्रेकचं रबर फार महाग नसतं. आणि फाटकाशी गाड्या थांबवा. सामान न्यायला एक हातगाडी ठेवा. पहिल्या दिवशी चार गिऱ्हाइकं कुरकुरतील, दुसऱ्या दिवशी त्यांचीच पोरं मोकळ्या वाटेवर गरागरा फिरताना बघून ती गप्प बसतील.

पण कॅम्पवाला गाड्या फाटकाशी कधी थांबवेल? आपण मागितलं तर. आपण फोन करून काय विचारतो? "तंबूपर्यंत गाडी येते ना?" तो म्हणतो, "हो साहेब, अगदी दारात." आपल्याला बरं वाटतं. त्या दारात पोर उभं असणार आहे, हे त्या वेळी आपल्या डोक्यातच नसतं. पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा उलटा प्रश्न विचारा: "तंबूपर्यंत गाड्या येत नाहीत ना?" दहा जणांनी विचारलं तर अकराव्याच्या वेळेला फाटकाशी साखळी लागलेली असेल.

आमची पोरगी आता अकरा वर्षांची आहे. हनुवटीवर बारीक पांढरी रेघ राहिलीये. या मे महिन्यात आम्ही औदुंबरच्या बाजूला गेलो होतो, एका मित्राच्या मळ्यात. गाडी मित्राच्या शेडमध्ये लावली आणि दोन दिवस चावी त्याच्या आईकडे देऊन टाकली. सकाळी निघताना मी ब्रेक दाबून बघत होतो तर ही म्हणाली, "बाबा, मी बघितलेत. तू तुझे बघ."

बघितले. माझ्या मागच्या ब्रेकचं रबर संपलेलं होतं.